दाभोळचे भग्नावशेष
शास्त्रपाठ : रोमकरांस पत्र १२:१७–२१

वाशिष्ठीच्या मुखावरील दाभोळ बंदरात पूर्वी अरबी घोडे उतरत. इ. स. १५०८ च्या मार्चात चौलच्या लढाईत पोर्तुगीज व्हाइसरॉय अल्मेदा याचा पुत्र पडला. त्यास मारणारे आरमार मिसर व गुजराथचे होते. तरी डिसेंबरात पित्याने दाभोळ जाळिले, स्त्रियामुलांसही सोडिले नाही. आज खाडीकाठी दिसणारी घुमटाची जुनी मशीद त्यानंतर बांधलेली आहे.

प्रिय बंधूंनो, तो सूड घेणारा ख्रिस्ताचे नाव धारण करणारा होता! पौलाने तर रोम येथील मंडळीस सूड वर्ज्य करून भुकेल्या वैऱ्यास जेवू घालावयास शिकविले.

प्रश्न : बांधावरून वा पाणवठ्यावरून तंटा उठल्यास आपल्या वागणुकीत शेजाऱ्यांस कोण दिसेल, ख्रिस्त की अल्मेदा?