चढावर दमते, ती उतारावर धरेल का?

चि. निखिल,

काल ताईचा फोन आला. तुझी गवत कापायची गाडी मागच्या चढावर मध्येच बसते, परवा तर हातभर मागे सरकली आणि ओवी तेव्हा खाली कुंपणाशी खेळत होती, असं ती बोलण्याच्या ओघात सांगून गेली. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही, कारण तू तिला सांगितलं होतंस, "सपाटीवर मस्त चालते, चढाला थोडी दमते, एवढंच." तुझ्या या 'एवढंच'ने माझी रात्रीची झोप उडाली.

नीट विचार कर. तुझ्या गाडीला जुन्या स्कूटरसारखे दात्यांचे गिअर नाहीत. इंजिनाच्या पुलीवरून पट्टा मागच्या पेटीकडे जातो, पेटीतला पंप तेलाला दाब देतो आणि त्या दाबावर चाकं फिरतात. पॅडल दाबून तू फक्त तेलाचा प्रवाह कमीजास्त करतोस. पॅडल सोडल्यावर गाडी जागच्या जागी थांबते, ती ब्रेकमुळे थांबते असं तुला वाटत असेल. तसं नाही. तेलाची वाट अडते, म्हणून ती थांबते. वर ढकलणारं आणि खाली घसरू न देणारं तेल एकच आहे. चढाला दाब गळत असेल, तर उतारावर तोच दाब गाडी कशी धरून ठेवेल? सपाटीला फार जोर लागत नाही, म्हणून तिथे दुखणं झाकलं जातं. दोष चढाचा नाही, चढाने तो फक्त उघडा केला.

तू म्हणशील, जॅक लावून पाहिलं, चाकं झकास फिरतात. अरे, हवेतल्या चाकावर ओझंच नसतं, तेव्हा त्या फिरण्यावरून काहीच कळत नाही. दुसरं म्हणशील, खालून वेग घेऊन चढवीन. मग ती थांबेल ती वरच्या टोकाजवळ, म्हणजे मागे घरंगळायला सगळ्यात लांब वाट असेल तिथे. तिसरं म्हणशील, ब्रेक आहे ना! या गाड्यांचा ब्रेक बहुधा पेटीतच किंवा पेटीला लागून असतो. चाक आणि आस यांना जखडणारी छोटी लोखंडी चावी झिजून तुटली, तर ते चाक मोकळं पडतं. डिफरन्शियलमुळे सगळा जोर त्या मोकळ्या बाजूने निघून जातो, आणि ब्रेकचंही तेच होतं. ओढही जाते, ब्रेकही जातो. शिवाय ओल्या गवतावर चाक जखडलं तरी गाडी घसरतेच. तुझ्यासारख्या शिकलेल्या मुलाला हे मी सांगायला लागावं, याचा मला खरंच राग आला.

आता पाहायचं काय ते सांगतो, पण सपाट जागी, किल्ली काढून, प्लगची वायर सुटी करून. आधी आठव, गाडी बसते तेव्हा इंजिन घुसमटतं की इंजिन जोरात चालू असताना चाकं थांबतात. घुसमटत असेल तर एअर फिल्टर आणि पेट्रोलचा मार्ग बघ, पेटीला हात लावू नकोस. चाकं जागच्या जागी फिरून गवत उकरत असतील, तर दोष टायरच्या पकडीचा आहे. इंजिन चालू आणि चाकं थंड, असं असेल तर वेळ बघ. गाडी सुरू केल्यापासूनच दमते की अर्ध्या तासाने? सुरुवातीपासून असेल तर पट्टा बघ: कडा काचेसारख्या चकचकीत झाल्या आहेत का, ताण देणारी स्प्रिंग सैल पडली आहे का. गाडी हाताने ढकलता यावी म्हणून मागच्या बाजूला एक दांडी असते, ती अर्धवट ओढलेली राहिली तरी दाब निसटतो. अर्ध्या तासानंतर दमत असेल तर तेल तापून पातळ होतंय. पेटीवरच्या पंख्यात आणि पात्यांत सुकलेलं गवत गच्च बसतं, ते ब्रशने काढ; नुसतं तेवढ्यानेही कधी फरक पडतो. तरीही दमली, तर तेल जुनं झालं आहे किंवा पेटी आतून झिजली आहे. काही पेट्यांना तेल सोडायचं बूचच नसतं, पेटी खाली उतरवावी लागते. ते काम जाणत्या माणसाकडे दे. खर्च जास्त सांगितला तरी चढ तसाच कापत राहू नकोस.

आणि तो चढ एकदा मोज. अशा गाड्यांच्या बऱ्याच पुस्तिकांत १५ अंशांची मर्यादा असते, काहींत १०. अंश म्हणजे टक्के नव्हेत, इथे पुष्कळ जण फसतात. १५ अंश म्हणजे सुमारे २७ टक्के. तुमच्या पिट्सबर्गचा तो प्रसिद्ध कॅन्टन ॲव्हेन्यूचा चढ ३७ टक्क्यांचा आहे, यावरून अंदाज कर. एक मीटरची सरळ पट्टी, वरचं टोक जमिनीला टेकवून, उतारावर पाणसळीने आडवी धर. खालचं टोक जमिनीपासून २७ सेंटिमीटरच्या वर असेल, तर गाडी धडधाकट असली तरी तिथे नेऊ नकोस. कमी असलं तरी वरखाली काप, आडवा जाऊ नकोस. मध्ये थांबलीच तर पातं बंद कर आणि न वळता सरळ, सावकाश मागे ये. त्या वेळी खाली कुणी नसावं. ओवी तर घरातच असावी, मांडीवरसुद्धा नको.

फार बोललो का रे? कुरकुर ऐकू आली की यंत्र आणखी रेटायची आपल्या घराची खोड नानांपासूनची आहे. तरुणपणी ती माझ्यातही होती आणि त्याची खंत अजून जात नाही. तू मुळात सावध मुलगा आहेस, घाईत एखाद्या रविवारी असं होतं. गवत आठवडाभर वाढलं तर वाढू दे, शेजारी काय म्हणतील ते म्हणू देत. पट्टी धरून मोजलंस की फोन कर, आमच्याकडे कितीही वाजले असले तरी मी जागा आहे. ओवीला मामाआजोबांचा पापा.

तुझा,
मामा