वीसचा आकडा

वॉर्डातल्या टीपीआर चार्टवर तीन रकाने असतात: ताप, नाडी आणि श्वास. ताप थर्मामीटर सांगतो, नाडी बोटाला लागते. श्वासाच्या रकान्यात मात्र मी सतरा वर्षं बहुतेक वेळा २० लिहीत आले. चाळीस कॉटचा पुरुषांचा मेडिकल वॉर्ड, नाइटला आम्ही दोघी, आणि सकाळच्या राउंडच्या आत सगळे चार्ट भरलेले हवेत. मग एक नंबरला २०, दोन नंबरला २०, चौदा नंबरला जरा धाप दिसतेय म्हणून २४. मला कुणी असं शिकवलं नव्हतं. पूर्ण एक मिनिट घड्याळ लावून मोजायचं, हेच शिकवलं होतं. हात हळूहळू चुकीला सरावला, आणि तो सरावलेला हात घेऊनच मी तीन वर्षांपूर्वी दिवाळीला माहेरी गेले.

अण्णा, माझे वडील, तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांचे. बार्शी तालुक्यातलं आमचं गाव. अण्णा माळकरी, कार्तिकीची वारी त्यांनी कधी चुकवली नव्हती. भाऊबीजेच्या दिवशी ते म्हणाले, "औंदा पंढरपूर नको वाटतंय." आम्ही सगळ्यांनी ते वयावर ढकललं. पाडव्यापासून त्यांचं जेवण उतरलं होतं, अर्धी भाकरी ताटात राहायची. खोकला थोडासा, तोही कोरडा. ताप नाही. मी रोज थर्मामीटर लावत होते, ९८ च्या पुढे पारा जात नव्हता. बोटाला ऑक्सिमीटर लावला तर ९२ दिसले. "बोटं गार पडलीत म्हणून कमी दाखवतंय," असं मी वहिनीला सांगितलं आणि यंत्र डबीत ठेवून दिलं. अंगदुखीवर पॅरासिटामॉल दिली. घरात कुणाच्या तरी आजारपणातल्या अँटिबायोटिकच्या तीन गोळ्या उरल्या होत्या, त्याही दिल्या. हे सगळं एका नर्सने केलं, म्हणून घरातल्या कुणी शंकाही घेतली नाही.

चौथ्या संध्याकाळी त्यांनी विचारलं, "बैलं आत बांधली का?" बैल विकून दहा वर्षं झाली होती. झोपेत बोलत असतील, असं आम्ही धरलं.

रात्री दीडच्या सुमाराला पाणी द्यायला उठले. बल्बच्या उजेडात त्यांच्या गळ्यातली तुळशीची माळ दिसली. मधला मणी गळ्याच्या खळीत टेकला होता. प्रत्येक श्वासाला खळी आत ओढली जायची आणि मणी तिच्याबरोबर बुडायचा, पुन्हा वर यायचा. मी भिंतीवरच्या घड्याळाच्या काट्याकडे बघत मोजायला सुरुवात केली. ३४. हात थरथरत होता म्हणून पुन्हा मोजलं. ३६.

पहाटे जिल्ह्याच्या गावी पोहोचलो तेव्हा ऑक्सिजन ८४ वर आला होता, रक्तदाब ९६/५८. एक्स-रेत उजव्या फुप्फुसाचा खालचा भाग पांढरा दिसत होता. न्यूमोनिया. तिथल्या डॉक्टरांनी कॉटशेजारी उभं राहूनच हिशेब केला: वय ६५ च्या पुढे, माणूस भ्रमलेला, श्वास ३० च्या वर, रक्तदाब खाली. रक्ताचा रिपोर्ट यायच्या आधीच आजार गंभीर आहे हे या चार गोष्टींनी सांगितलं. त्यांतल्या श्वासाला आणि भ्रमाला यंत्रही लागत नाही, आणि त्या दोन्ही माझ्या डोळ्यांसमोर घरात चालल्या होत्या.

म्हणून पहिली विनंती ही, की म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत तापाची वाट बघू नका. उतारवयात शरीर तापाने उत्तर देईलच असं नाही. खोकलाही नावापुरताच असू शकतो. जेवण सुटणं, नेहमीच्या गोष्टीतून मन उडणं, तोल जाऊन पडणं, वेळ-काळ विसरणं, एवढ्यातच छातीतला जंतुसंसर्ग दडलेला असू शकतो. माझ्या वडिलांनी वारी नको म्हटलं, ते त्यांचं पहिलं लक्षण होतं. आणि ऑक्सिमीटरने कमी आकडा दाखवला तर हात चोळून गरम करा, नखाला रंग असेल तर तो काढा, दुसरं बोट लावा आणि पुन्हा बघा. तरीही ९४ च्या खालीच असेल तर तो आकडा खरा धरून डॉक्टरांना कळवा. ९० च्या खाली गेला तर सकाळ व्हायची वाट बघू नका. जुन्या दम्याच्या किंवा फुप्फुसाच्या रुग्णाला किती आकडा चालतो, ते त्याच्या डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या.

श्वास कसा मोजायचा, हेही सांगते. "आता तुमचा श्वास मोजते" म्हटलं की माणूस श्वास बदलतो. म्हणून नाडी बघायला मनगट धरायचं, नाडी मोजून झाली तरी ते सोडायचं नाही, आणि नजर छातीवर किंवा पोटावर ठेवायची. वर आणि खाली मिळून एक. पूर्ण साठ सेकंद. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, त्यात एका श्वासाची चूक चारची होते. मोठ्या माणसाचा श्वास बसल्या जागी साधारण १२ ते २० असतो. २५ च्या पुढे जात असेल तर डॉक्टरांकडे जा, ३० म्हणजे धोका.

लहान मुलांचं गणित वेगळं. मूल शांत असताना, दूध पीत किंवा रडत नसताना मोजायचं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते वर्षाच्या आत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त, म्हणजे श्वास जलद आहे. बरगड्यांखालची छाती आत ओढली जात असेल, बाळ कण्हत असेल किंवा अंगावर पीत नसेल तर मोजत बसू नका, थेट दवाखाना गाठा. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी लिहिता-वाचता न येणाऱ्या सुइणींना हेच मोजणं शिकवलं. एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि सरकवायचे मणी, दर दहा श्वासांना एक मणी. गावातल्या माणसांनी न्यूमोनिया ओळखून औषध दिल्याने बालमृत्यू कमी झाले, हे त्यांनी १९९० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मांडलं. त्या सुइणींनी मोजलं आणि मी रजिस्टर्ड नर्स असून मोजलं नाही, ही गोष्ट मला अजून झोपू देत नाही.

बाळांचा विषय निघाला आहे तर आणखी एक. न्हाऊ-माखू घालताना नाकात तेल सोडायची आणि आडवं धरून गुटी पाजायची रीत आपल्याकडे अजून आहे. ते तेल फुप्फुसात उतरलं तर त्यानेच न्यूमोनिया होतो. मायेने होतं म्हणून त्याचं नुकसान कमी होत नाही. न्यूमोनियाविरुद्धची न्यूमोकोकलची लस २०२१ पासून सरकारी लसीकरणात फुकट आहे: दीड महिन्याला, साडेतीन महिन्यांना आणि नऊ महिने पूर्ण झाल्यावर. ती चुकवू नका.

अण्णांकडे परत येते. तिसऱ्या दिवशी ते जरा बोलायला लागले, म्हणून मी वाटीतली पेज चमच्याने भरवत होते. कॉटची डोक्याची बाजू वर केलेली होती, पण अण्णा घसरत घसरत खाली आले होते. कंबर कॉटच्या मध्यावर, हनुवटी छातीत रुतलेली. दोन चमच्यांनंतर ठसका लागला आणि आवाज ओला, घोगरा झाला. तिथल्या सिस्टरने काही न बोलता माझ्या हातातली वाटी घेतली. वॉर्डातल्या मावशींच्या मदतीने अण्णांना वर ओढलं, गुडघ्याखाली उशी सारली. पाच मिनिटं थांबून तिने अर्धा चमचा दिला, गळ्याचा घोटा वर जाऊन खाली येईपर्यंत वाट पाहिली, मग दुसरा. सगळं झाल्यावर म्हणाली, "अर्धा तास असंच बसू द्या, ताई." ती माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान असेल.

घरी सांभाळताना याच गोष्टी उपयोगी पडतात. रुग्णाला सपाट झोपवू नका, पाठ वर असू द्या. एकाच फुप्फुसाला आजार असेल तर चांगली बाजू खाली ठेवून कुशीवर झोपवलं की ऑक्सिजन सुधारायला मदत होते. अण्णांचं उजवं आजारी होतं, म्हणून डावी कूस. दर दोन तासांनी कूस बदला, आणि ताकद येताच खुर्चीत बसवा. दात असोत की कवळी, तोंड दिवसातून दोनदा नीट स्वच्छ करा. तोंडातलेच जंतू लाळेबरोबर खाली उतरतात. खोकला दाबणारं सिरप मनाने देऊ नका, बेडका बाहेर पडायला हवा. खोकताना छाती दुखत असेल तर उशी छातीशी धरायला सांगा. पाणी थोडं थोडं, पण हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल तर किती ते विचारून. वाफाऱ्याने नाक मोकळं होतं, न्यूमोनिया बरा होत नाही. उकळत्या पातेल्याने भाजलेली मुलं मी वॉर्डात पाहिली आहेत. अँटिबायोटिक डॉक्टरांनी दिलेलं, त्यांनी सांगितले तितके दिवस. उरलेल्या तीन गोळ्या तर कुणालाच देऊ नका. त्याने आजार हटत नाही आणि बेडक्याच्या तपासणीत जंतू सापडायचे तेही लपतात. खोकला दोन आठवड्यांपुढे गेला तर क्षयाची तपासणी करा. त्यासाठी पहाटेचा, खोल खोकून काढलेला बेडका द्यायचा. नुसती लाळ चालत नाही.

अण्णा अकराव्या दिवशी घरी आले. खोकला जायला सहा आठवडे लागले, थकवा उतरायला तीन महिने. त्याआधी कुणी "अजून अंथरुणातच?" म्हणालं की ते खजील व्हायचे. न्यूमोनियातून उठणाऱ्याला एवढा वेळ लागतोच.

वॉर्डात परतल्यावर पहिल्या नाइटला मी नऊ नंबरच्या कॉटशेजारी मनगट धरून पूर्ण एक मिनिट उभी राहिले. चाळीस कॉटना चाळीस मिनिटं लागतात. दोघींत वीस-वीस. आता आम्ही तसं वाटून घेतो, आणि नव्या मुलींना मी माझे जुने २० कसे लिहिले गेले ते स्वतःच सांगते.

माहेरी दुधाचा हिशेब कॅलेंडरवर असतो. वहिनी नववीपर्यंत शिकलेली. दुधाच्या आकड्याखाली ती रोज संध्याकाळी आणखी एक आकडा लिहिते, अण्णा जपाला बसले की लांबून बघून मोजलेला. गेल्या महिन्याचं पान मी चाळलं: १७, १९, १६, १८, २१, १८, १७. संबंध महिन्यात २० फक्त दोनदा होता.