डेटाबेस सर्व्हर बदलल्यानंतर संकेतस्थळ अबोल का होते?

दाखल्यांचे अर्ज, शाळेचा पट, पाणीपट्टीच्या नोंदी अशी कितीतरी माहिती आज संकेतस्थळांवरून पाहता येते. नागरिकाला दिसते ते केवळ पान. प्रत्यक्ष माहिती डेटाबेस सर्व्हरमध्ये साठविलेली असते. या दोहोंमधील दुवा तुटला, की पानावर 'डेटाबेसशी संपर्क होऊ शकला नाही' एवढे एकच वाक्य उमटते. सर्व्हर नव्या आवृत्तीवर नेल्याच्या दुसऱ्याच दिवशी असा प्रसंग ओढवला, म्हणजे सारी माहिती नष्ट झाली अशी समजूत होऊन कार्यालयात धावपळ उडते. वस्तुतः माहिती बहुधा जागच्या जागी सुरक्षित असते. बदललेले असते ते दाराचे कुलूप.

मायएसक्यूएल या सर्वपरिचित डेटाबेसचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. त्याच्या ५.७ या आवृत्तीला मिळणारा आधार ऑक्टोबर २०२३ मध्ये संपला. त्यानंतर सुरक्षेच्या दृष्टीने पुढील आवृत्तीवर जाणे अपरिहार्य झाले. परंतु एप्रिल २०१८ मध्ये सर्वांसाठी खुल्या झालेल्या ८.० या आवृत्तीने पासवर्ड पडताळण्याची मूळ पद्धतच बदलली होती. पूर्वीच्या 'नेटिव्ह पासवर्ड' पद्धतीऐवजी 'कॅशिंग शा-२' ही अधिक भक्कम पद्धती प्रमाण ठरविण्यात आली. संकेतस्थळ चालविणारी पीएचपी ही भाषा जुनी असेल, तर तिला ही नवी पद्धती उमगत नाही. तिचा पूर्ण अंतर्भाव पीएचपी ७.४ पासून झाला. पासवर्ड अगदी बरोबर असूनही प्रवेश नाकारला जातो, तो यामुळे.

अशा वेळी प्रथम काय पाहावे? त्रुटीचा क्रमांक. तो नागरिकांच्या पानावर दिसू नये हेच इष्ट. तो सर्व्हरच्या नोंदवहीत, म्हणजे लॉगमध्ये, शोधावा. २००२ किंवा २००३ हा क्रमांक असल्यास संकेतस्थळ सर्व्हरपर्यंत पोहोचलेलेच नाही. सर्व्हर सुरू आहे काय, ३३०६ हे त्याचे नेहमीचे पोर्ट खुले आहे काय, आणि नव्या मांडणीत त्याला केवळ स्वतःच्याच यंत्रावरून येणारी हाक ऐकण्याची आज्ञा तर दिली गेली नाही ना, हे तपासावे. १०४५ चा अर्थ असा, की दारापर्यंत पोहोचणे झाले, पण नाव, पासवर्ड अथवा येण्याचे ठिकाण मान्य झाले नाही. १२५१ किंवा २०५४ आढळल्यास मात्र दोष वर सांगितलेल्या पडताळणीच्या पद्धतीत आहे आणि पासवर्ड पुनःपुन्हा बदलून काहीही साधणार नाही.

यावर खरा उपाय म्हणजे पीएचपी अद्ययावत करणे. ते तत्काळ शक्य नसल्यास संबंधित खाते तात्पुरते जुन्या पद्धतीवर ठेवता येते. जुन्या पीएचपीसाठी कधी कधी सर्व्हरची मूळ पद्धतीही तशीच ठेवावी लागते. परंतु हा दिलासा अल्पकाळाचा आहे. एप्रिल २०२४ च्या ८.४ या आवृत्तीत जुनी पद्धती मुळातच बंद ठेवलेली आहे आणि त्याच वर्षी जुलैत आलेल्या ९.० मधून ती काढूनच टाकण्यात आली. घाईच्या वेळी संकेतस्थळाला सर्वाधिकारी 'रूट' खाते देऊन टाकणे, अथवा कोठूनही प्रवेश खुला करणे, हे उपाय काही ठिकाणी योजले जातात. त्याने पान दिसू लागते खरे, पण नागरिकांची सर्व माहिती उघड्यावर ठेवल्यासारखे होते.

एक पेच अनुभवी तंत्रज्ञांनाही चकवितो. नवी पद्धती एकदा पटलेली ओळख सर्व्हरच्या स्मृतीत जपून ठेवते. जावा भाषेतील एखादी प्रणाली संरक्षित जोडणीविना त्या आधारावर अनेक दिवस सुरळीत चालते. सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू केला, की ती स्मृती पुसली जाते आणि काहीही न बदलता संपर्क तुटतो. जोडणी संरक्षित करणे हाच तेथे योग्य मार्ग होय.

संपर्क जुळल्यावरही मराठी मजकुराची परीक्षा बाकी असते. पूर्वी अनेक प्रणालींनी देवनागरी अक्षरे 'लॅटिन-१' म्हणून घोषित केलेल्या रकान्यांत साठविली. जोडणीची लिपीही तीच असल्याने मजकूर नीट दिसे. ८.० मध्ये मूळ लिपीसंच 'यूटीएफ-८ एमबी-४' झाल्यामुळे जोडणीची लिपी बदलते आणि गावांच्या नावांऐवजी अगम्य चिन्हांची रांग दिसू लागते. अशा स्थितीत एकही नोंद दुरुस्त करून जतन करू नये. सर्व्हरचे नियम शिथिल ठेवलेले असल्यास नव्याने भरलेल्या मराठी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे साठविली जातात आणि ती अक्षरे परत मिळत नाहीत. जुनी चिन्हे मात्र योग्य रूपांतराने बहुधा पूर्ववत करता येतात.

८.० वरून ५.७ वर थेट माघारी येण्याची सोय नाही. स्थलांतरापूर्वी घेतलेली संपूर्ण प्रत हाच परतीचा रस्ता असतो. म्हणून ती प्रत दुसऱ्या यंत्रावर उतरवून, तेथे संकेतस्थळ चालवून आणि एखादे मराठी नाव वाचून पाहिल्यानंतरच मूळ सर्व्हरला हात लावावा.