हाडाचा फोटो आणि वाचणाऱ्याची नजर

क्ष-किरण केंद्राच्या दारावर वर्षातून दोन-तीनदा एक पाटी लागते: 'डॉक्टर परिषदेसाठी बाहेरगावी गेले आहेत. शनिवार-रविवार केंद्र बंद.' आचऱ्याहून किंवा देवबागहून हात गळ्यात बांधून एस.टी.ने आलेल्या माणसाला ती वाचून राग येणे स्वाभाविक आहे. "इतकी वर्षां फोटो काडतत, आता आनी काय शिकूचां रवलां?" असे मला तोंडावर विचारणारेही भेटतात. प्रश्न रास्त आहे, म्हणून आज त्याचे उत्तर देतो.

रॉन्टजेन यांनी ८ नोव्हेंबर १८९५ रोजी क्ष-किरण शोधले आणि दीड महिन्यात पत्नीच्या हाताचा फोटो काढला. त्यात हाडे आणि बोटातली अंगठी स्पष्ट दिसत होती. त्यामुळे लोकांची अशी समजूत झाली आहे की फोटोत हाड दिसते, म्हणजे हाडाचे सगळेच दिसते. वस्तुतः फोटो म्हणजे सावली. सावलीत काय पडत नाही, हे ज्याला ठाऊक आहे तोच ती नीट वाचू शकतो.

आपल्याकडचे रोजचे उदाहरण घेऊ. पावसाळ्यात शेवाळलेल्या चिऱ्यांच्या पाखाडीवरून पाय घसरतो, माणूस तळहात टेकून पडतो आणि मनगट दुखू लागते. मनगटात आठ छोटी हाडे असतात. त्यातल्या एकाचे नाव स्कॅफॉइड. होडीच्या ग्रीक नावावरून हे नाव पडले, कारण हाडाचा आकार होडीसारखा असतो. या हाडाला रक्त मुख्यतः बोटांकडच्या टोकाने मिळते. ते मधोमध मोडले तर कोपराकडच्या तुकड्याचा रक्तपुरवठा तुटतो. वेळेवर आधार मिळाला नाही तर हाड जुळत नाही, कधी तो तुकडा मरतो आणि पुढे मनगट कायमचे अधू होते. वल्हे मारणाऱ्याचे किंवा माडावर चढणाऱ्याचे मनगट गेले, तर त्याच्या घरी काय होईल ते मी सांगायला नको.

आणि नेमका हाच मोड पहिल्या दिवशीच्या फोटोत पुष्कळदा दिसत नाही! अंगठा ताणल्यावर त्याच्या बुडाशी जो खळगा पडतो, जिथे पूर्वी तपकीर ठेवून ओढत, तिथे दाबल्यावर दुखत असेल तर फोटो स्वच्छ असूनही हात आधारात ठेवायचा आणि दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा फोटो काढायचा, हा नियम आहे. शिकलेला क्ष-किरणतज्ज्ञ अशा वेळी नेहमीच्या दोन फोटोंवर न थांबता मनगट तिरपे करून आणखी फोटो मागवतो. एम.आर.आय. केल्यास हाडातली सूज लवकर दिसते आणि दोन आठवडे थांबावे लागत नाही. "फोटो काडलो मां? मगे परत कित्याक?" याचे उत्तर एवढेच, की 'फोटोत दिसत नाही' आणि 'मोडलेले नाही' ही दोन वेगळी वाक्ये आहेत.

न्हाणीत पडलेल्या आजीची गोष्ट तशीच. खुब्याचा फोटो ठीक आला, पण आजीला पाय टेकवत नाही. अशा वेळी "म्हातारपण आहे, चालेल हळूहळू" म्हणून तिला उभे करू नये. फोटोत न दिसणारी बारीक भेग चालवल्याने सरकते आणि साध्या शस्त्रक्रियेचे काम मोठे होऊन बसते.

मणक्याच्या क्षयात तर अडचण अधिक. हाडातले साधारण ३० ते ५० टक्के खनिज गेल्याशिवाय साध्या फोटोत खड्डा दिसत नाही. रात्रीची पाठदुखी, संध्याकाळचा बारीक ताप, घटणारे वजन एवढे चिठ्ठीवर लिहिलेले असेल, तर वाचणाऱ्याची नजर दोन मणक्यांमधल्या अरुंद झालेल्या फटीवर आधी जाते. चिठ्ठीवर नुसते 'पाठदुखी' असेल तर तीच फट झीज म्हणून सुटू शकते. या रोगावर औषधे आहेत, सरकारी रुग्णालयात ती मोफत मिळतात. मात्र निदान पायातली शक्ती जाण्यापूर्वी व्हायला हवे.

आता याची दुसरी बाजू. एम.आर.आय. सगळे दाखवतो आणि तिथे नवीच पंचाईत होते. अमेरिकेत १९९४ साली पाठ अजिबात न दुखणाऱ्या ९८ माणसांच्या कमरेचा एम.आर.आय. केला, तर ५२ टक्के लोकांत एखादी तरी चकती बाहेर फुगलेली निघाली. २०१५ मध्ये अशा अनेक अभ्यासांची एकत्र मांडणी झाली. त्यानुसार निरोगी माणसांतही चकतीची झीज विशीत ३७ टक्क्यांना आणि ऐंशीत ९६ टक्क्यांना आढळते. म्हणजे पन्नाशीच्या माणसाच्या अहवालात 'डिस्क बल्ज' हे शब्द असणे बरेचसे केस पिकण्यासारखे आहे. परंतु ते शब्द वाचून जाळे ओढणे सोडलेले, जमीन विकून शस्त्रक्रियेच्या गोष्टी करणारे लोक मी पाहिले आहेत. दिसले ते सर्व लिहिणे सोपे. त्यातले दुखण्याशी जुळणारे कोणते आणि वयाचे कोणते, हे अहवालात सांगणे शिकावे लागते, आणि हे ज्ञान माझ्या कॉलेजच्या पुस्तकांत पुरते नव्हते.

महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे दर ५ वर्षांनी नोंदणी नूतनीकरण करताना शिक्षणाचे ३० क्रेडिट दाखवावे लागतात. खरे सांगायचे तर थंडगार सभागृहात डुलक्या काढूनही क्रेडिट मिळते. माझ्या मते खरा उपयोग होतो तो, निदान न सांगता समोर फोटो टाकून 'बोला' म्हणतात त्या बैठकीत. चार जणांची चार मते पडतात, मग शस्त्रक्रियेत काय निघाले ते सांगतात. खांद्याच्या सोनोग्राफीचे तर भाषण ऐकून काहीच येत नाही. शेजारी बसून, प्रोब हातात धरून, खांदा वळवत स्नायूबंध शोधावा लागतो.

तुमच्याकडून एवढे हवे: कसे पडलात, कुठे बोट ठेवल्यावर दुखते, ताप येतो का, हे चिठ्ठीत नसले तरी तोंडाने सांगा. जुने फोटो, मुंबईचे असोत वा बांबोळीचे, बरोबर आणा. दोन वर्षांपूर्वीचा फोटो शेजारी लावला की नवे काय ते लगेच कळते. मोबाइलवर पाठवलेल्या फोटोच्या फोटोवरून बारीक भेगेचे मत मागू नका. आजकालच्या बऱ्याच फिल्म उष्णतेने काळ्या पडतात, तेव्हा त्या चुलीवरच्या फळीवर किंवा उन्हात उभ्या गाडीत ठेवू नयेत. पावसाळ्यात कोरड्या पाकिटात, घडी न घालता, कपाटात आडव्या ठेवाव्यात.