मूल गप्प झाले, तर आपण काय करावे?

दहावीचा निकाल लागला की भोईवाड्याच्या गल्ल्यांत दोन प्रकारची घरे दिसतात. एका घरातून पेढ्यांचा पुडा शेजारीपाजारी फिरतो. दुसऱ्या घराचे दार भरदिवसा लोटलेले असते. पेढ्यांच्या घरी आपण सगळे जातो. लोटलेल्या दाराकडे मात्र आपले पाय वळत नाहीत, आणि खरे तर तिथेच जाण्याची गरज असते. या वेळचे आरोग्याचे पान त्या दारामागच्या मुलासाठी, मुलीसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी आहे.

ताप आला की आपण मुलाला लगेच दवाखान्यात नेतो. मन आजारी पडले की म्हणतो, "नाटके करतोय", "वय तसे आहे", "मोबाइलमुळे झाले". यातले काही कधी खरेही असते. पण प्रत्येक वेळी तेच खरे धरले, तर आजार वाढत जातो.

हा त्रास किती मुलांना होतो?

१० ते १९ हे किशोरवय. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे जगात या वयातील दर सात मुलांमागे एकाला मानसिक आरोग्याचा काही ना काही त्रास असतो. आपल्या देशात बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्यात १३ ते १७ वयाच्या मुलांमध्ये हे प्रमाण सुमारे ७.३ टक्के आढळले. सोपा हिशेब करू. साठ मुलांचा वर्ग धरला, तर त्यात अशी चार मुले असू शकतात. म्हणजे ही गोष्ट कुणा एका घराच्या नशिबाची नाही आणि त्यात लाज वाटण्यासारखेही काही नाही.

ओळखायचे कसे?

या वयात थोडी चिडचिड, उलट उत्तरे, आरशापुढे जास्त वेळ, मित्रांत जास्त रमणे हे चालायचेच. पण खालील बदल दोन आठवड्यांहून जास्त टिकले, तर लक्ष द्या.

१) झोप उडाली, किंवा मूल दिवसभर झोपूनच राहते. या वयाला रात्री आठ ते दहा तास झोप लागते.
२) जेवण एकदम कमी झाले किंवा एकदम वाढले.
३) आवडीचा खेळ, लेझीम, मित्र, सगळे सोडून दिले.
४) शाळा-क्लासला जाण्याच्या वेळीच पोट दुखते, डोके दुखते, आणि तपासणीत काही निघत नाही.
५) विनाकारण रडू येते, किंवा मूल सतत रागात असते. मुलग्यांमध्ये उदासी पुष्कळदा रागाच्या रूपाने बाहेर पडते.
६) अंगावर कापल्याच्या, भाजल्याच्या खुणा. उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचे कपडे.
७) गुटखा, दारू, गोळ्या किंवा इतर नशा.
८) "मी नसतो तर बरे झाले असते", "मला कंटाळा आलाय जगण्याचा" असे बोलणे, आवडत्या वस्तू वाटून टाकणे.

शेवटच्या मुद्द्यासाठी दोन आठवडे थांबायचे नाही. त्याच दिवशी हालचाल करायची.

आपल्या घरांची एक अडचण बाहेरच्यांना कळत नाही. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसे राहतात. तिथे मुलाला रडायला जागा नसते. मोरीत नळ सोडून रडणारी मुलगी आणि रात्री उशिरापर्यंत जिन्यात बसणारा मुलगा आपल्या वस्तीत आहेत. मूल घरात डोळ्यांसमोर असते, म्हणून ते बरे आहे असे आपण धरून चालतो. पण डोळ्यांसमोर असणे आणि बोलते असणे यांत फरक आहे.

"बाबासाहेब दिव्याखाली शिकले, मग तुला काय झाले?"

हे वाक्य आपल्या प्रत्येक घरात बोलले जाते. आम्हीही बोललो आहोत. हेतू चांगलाच असतो. पण खचलेल्या मुलाच्या कानाला ते वेगळे ऐकू येते. त्याला वाटते, मी समाजाच्याही नजरेतून उतरलो.

ही गोष्ट आपण पूर्ण सांगत नाही, हीच चूक होते. बाबासाहेब शाळेत होते तेव्हा त्यांचे कुटुंब परळच्या चाळीत एका खोलीत राहत होते. सुभेदार रामजी मुलाला संध्याकाळी लवकर निजवत आणि रात्री दोनला अभ्यासाला उठवत, म्हणजे खोलीत शांतता मिळेल. पुस्तकांना पैसे नसत, तेव्हा ते लग्न झालेल्या मुलींकडे जात, प्रसंगी त्यांचे दागिने गहाण ठेवत. चर्नी रोडच्या बागेत एकटाच वाचत बसणारा हा मुलगा कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींच्या नजरेस पडला. त्यांनी चौकशी केली, पुस्तके दिली. १९०७ साली हा विद्यार्थी मॅट्रिक झाला, तेव्हा सत्कारात केळुसकरांनी त्याला स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले.

म्हणजे दिवा होता, आणि दिव्याशेजारी माणसेही होती. आपण मुलाला बाबासाहेबांसारखे हो म्हणतो, पण स्वतः रामजी किंवा केळुसकर व्हायचे विसरतो. मुलाला वाचायला शांत दोन तास कसे मिळतील, त्याच्याशी कोण बोलेल, हा विचार आईवडिलांनी आणि वस्तीने करायचा आहे.

जातीचा घाव

अकरावीला, कॉलेजला गेलेल्या आपल्या मुलांना आणखी एक ओझे असते. "तुला काय, कोट्यातून मिळाले" हा टोमणा. आडनाव विचारून बदललेला चेहरा. डब्यावरून केलेली थट्टा. मूल घरी येऊन सांगत नाही, कारण आईवडिलांनी पोटाला चिमटा घेऊन फी भरलेली असते. २०१६ मध्ये हैदराबादचा रोहित वेमुला आणि २०१९ मध्ये मुंबईतील डॉ. पायल तडवी ही नावे आपल्या घराघरांत माहीत आहेत. त्यांच्या नावाने आपण मोर्चे काढले. पण आपल्याच घरातल्या मुलाला "कॉलेजात कुणी काही बोलते का?" असे विचारले का?

अपमानाने मन दुखणे हा मनाचा कमकुवतपणा नाही. अशा वेळी दोन्ही कामे करायची. मुलाच्या मनाला आधार द्यायचा आणि अन्यायाची लेखी तक्रारही करायची. गरज पडली तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहेच. नुसते समुपदेशन करून अन्याय सहन करायला शिकवणे बरोबर नाही. तसेच नुसती तक्रार करून मुलाला एकटे सोडणेही बरोबर नाही.

कसे बोलावे?

चारचौघांत विचारू नका. वाणसामान आणायला, समुद्रावर, कुठेही दोघेच चालत जा. चालताना मुले जास्त बोलतात. "काय झालंय तुला?" असे दरडावून न विचारता म्हणा, "बाळा, तू हल्ली जेवत नाहीस, मला काळजी वाटते. मी ऐकते, ओरडणार नाही." मग खरोखरच ऐका. मध्येच उपदेश नको, शेजारच्या मुलाशी तुलना नको. मूल पहिल्या दिवशी काही बोलले नाही, तर दोन दिवसांनी पुन्हा विचारा. आईबापाशी बोलवत नसेल, तर मामा, आत्या, ताई, ज्याच्यावर त्याचा विश्वास आहे त्या माणसाला मध्ये घ्या.

जिवाचे काही करून घेण्याचा विचार येतो का, हे सरळ शब्दांत विचारायला घाबरू नका. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट, कुणीतरी समजून घेतले म्हणून ओझे हलके होते.

समुपदेशक काय करतो?

समुपदेशक मुलाशी एकट्याने बोलतो, त्याचे म्हणणे ऐकतो, अडचण सुटी सुटी करून त्यातून वाट काढायला मदत करतो. मुलाने सांगितलेले तो बाहेर बोलत नाही. मुलाच्या जिवाला धोका असेल किंवा त्याच्यावर लैंगिक अत्याचार झाला असेल, तरच तो इतरांना सांगतो, कारण तेव्हा सांगणे भाग असते. समुपदेशक औषध देत नाही. औषध लागेल की नाही हे मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर ठरवतात. उदासीवरच्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. म्हणून चार दिवसांत गोळ्या बंद करू नका. बरे वाटले तरी डॉक्टरांना विचारूनच कमी करा.

हे काही नवीन फॅड नाही. आपल्या मुंबईत मुलांसाठीचे मार्गदर्शन केंद्र १९३७ साली, आज टाटा सामाजिक विज्ञान संस्था म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने सुरू केले होते. आणि भोईवाड्याला तर लांब जायचीही गरज नाही. १९२६ पासून चालणारे केईएम रुग्णालय आपल्या चालण्याच्या अंतरावर आहे. तिथे मानसोपचार विभाग आहे. सकाळी लवकर जा, केसपेपर काढताना "मानसोपचार विभाग" असे सांगा, जुनी कागदपत्रे सोबत ठेवा. गर्दी असते, वेळ लागतो. डबा आणि पाणी घेऊन जा. पहिल्या भेटीतच सगळे सुटेल अशी आशा धरू नका, पुढची तारीख मात्र चुकवू नका. सरकारी रुग्णालयांत किशोरांसाठी "मैत्री" नावाची केंद्रेही चालतात, त्यांची चौकशी करा.

घरातून निघणे जमत नसेल, तर १४४१६ हा टेली-मानसचा नंबर लावा. सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेली ही सेवा रात्रंदिवस आणि मोफत आहे, मराठीत बोलता येते. मूल स्वतःही फोन करू शकते. मुलावर अत्याचार होत असेल, तर १०९८.

गंडादोरा नको

बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातही, मूल विचित्र वागू लागले की कुणीतरी "बाहेरचे असेल" म्हणते आणि रात्री गुपचूप बाबाकडे नेले जाते. आम्ही कुणाला दोष देत नाही. घाबरलेली आई कुठेही जाते. पण त्यात आजाराचे महत्त्वाचे महिने वाया जातात. भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

जिवाचा धोका वाटला तर

मुलाला एक क्षणही एकटे सोडू नका. उंदराचे औषध, फिनेल, घरातल्या सगळ्या गोळ्या, धारदार वस्तू शेजाऱ्यांकडे ठेवा. सरळ रुग्णालयाच्या अपघात विभागात न्या, तो रात्रीही उघडा असतो. काही करून घेतले असेल, तर पोलिसांच्या भीतीने लपवू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशा माणसाला तीव्र तणावाखाली असल्याचे मानले आहे. त्याला शिक्षा नव्हे, उपचार द्यायचे आहेत. घरी परतल्यावर "आमचे नाक कापलेस" हे शब्द तोंडातून येऊ देऊ नका.

या आठवड्याचा अभ्यास

१) आज रात्री मुलाजवळ दहा मिनिटे मोबाइल आणि टीव्हीशिवाय बसा. अभ्यासाचा विषय काढू नका.
२) १४४१६ आणि १०९८ हे नंबर घराच्या भिंतीवर, विहाराच्या फलकावर मोठ्या अक्षरांत लिहा.
३) महिला मंडळाने आणि युवक मंडळाने आपल्या गल्लीत कोणत्या मुलाने शाळा सोडली, कोण बाहेर पडत नाही, याची शांतपणे विचारपूस करावी. चर्चा करू नये.
४) विहार दिवसा रिकामा असतो. संध्याकाळी दोन तास तो अभ्यासाला उघडा ठेवता येईल का, हे येत्या रविवारी ठरवावे.
५) पुढच्या निकालाच्या दिवशी पेढे घेऊन जाल, तेव्हा लोटलेल्या दारावरही एकदा टकटक करा. काही बोलायचे सुचले नाही, तर म्हणा, "चहा ठेव गं, बसायला आलेय." तेवढेही पुरते.

जयभीम.