कोरडे डोळे : पैसे कुठे घालावेत, कुठे वाचवावेत

डोळे चुरचुरतात, खडा गेल्यासारखं खुपतं आणि वर पाणीही वाहतं. मग डोळे कोरडे कसे, असं बहुतेकांना वाटतं. डोळ्यावरच्या अश्रूंच्या थरावर तेलाचा पातळ पापुद्रा असतो. हे तेल पापण्यांच्या कडेच्या ग्रंथींतून येतं. ते कमी पडलं की अश्रू लगेच उडून जातात, डोळ्याची आग होते आणि मग डोळा पाण्याचा लोंढा सोडतो. ते पाणी काही टिकत नाही.

आपल्या परभणी जिल्ह्यात हे जास्त जाणवण्याची कारणं उघड आहेत. एप्रिल-मे महिन्यांत पारा 42 अंशांच्या पुढे जातो. रात्रभर कुलरचा झोत तोंडावर असतो. मानवत-सेलूच्या जिनिंगमध्ये सरकी-रुईची धूळ, सोयाबीनच्या मळणीचा भुस्सा, आणि सगळ्यांच्या हातात मोबाइल. स्क्रीन पाहताना पापण्यांची उघडझाप निम्म्यावर येते. त्यामुळे पहिला उपाय फुकटचा आहे: कुलर पायाकडे फिरवा, मोबाइल पाहताना मुद्दाम पापण्या पूर्ण मिटा. गाडीवर आणि मळणीवर साधा बंद बाजूंचा चष्मा लावा. तो शे-दोनशे रुपयांत मिळतो.

खरा पैसा वाया जातो तो मेडिकलमधून अंदाजाने थेंब बदलत राहण्यात. तेव्हा एकदा तपासून घ्या. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. गंगाखेडच्या लोकांनी आधी तिथलं उपजिल्हा रुग्णालय गाठावं. खाजगी नेत्रतज्ज्ञांची फी साधारण 200 ते 500 रुपये धरा. तपासणीत पापणीत कागदाची छोटी पट्टी पाच मिनिटं ठेवतात. ती 10 मिलिमीटरपेक्षा कमी भिजली तर अश्रू कमी. दुसऱ्या तपासणीत रंगाचा थेंब टाकून अश्रूंचा थर किती सेकंदांत फुटतो ते पाहतात. या दोन्हींना मोठं यंत्र लागत नाही. कोणी सुरुवातीलाच हजारोंचं स्कॅनिंग सुचवलं, तर त्याने उपचारात नेमकं काय बदलणार आहे, हे विचारा. संधिवात, मधुमेह, तोंड कोरडं पडणं, सर्दी-अ‍ॅलर्जीच्या रोजच्या गोळ्या, यांतलं काही असेल तर न विचारता सांगा. मूळ तिथेच असू शकतं.

थेंबांचा हिशेब असा. कार्बोक्सिमिथाइलसेल्युलोज 0.5 टक्के, हे नाव चिठ्ठीवर लिहून घ्या. 10 मिलीची बाटली ब्रँडनुसार साधारण 100 ते 200 रुपयांना पडते. जनऔषधी केंद्रात त्याच्या निम्म्याहूनही कमी. एका बाटलीत सुमारे 200 थेंब असतात. दोन्ही डोळ्यांत चार वेळा म्हणजे दिवसाला आठ थेंब, बाटली 25 दिवस पुरते. उघडलेली बाटली तशीही महिन्यानंतर टाकायची असते. एका वेळी एकच थेंब पुरतो, दुसरा गालावर ओघळतो. दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा टाकावे लागत असतील तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले थेंब घ्या. ते महाग आहेत, साधारण 250 ते 500 रुपये, पण तिथे काटकसर करू नका. सतत डोळ्यात गेलेलं प्रिझर्व्हेटिव्ह त्रास देतं.

पापण्यांच्या ग्रंथी तुंबल्या असतील तर स्वच्छ कपडा कोमट पाण्यात पिळून पाच ते दहा मिनिटं मिटल्या डोळ्यांवर ठेवा, मग पापण्यांच्या कडा हलकेच दाबा. रोज केलं तर काही आठवड्यांत फरक पडतो. गुलाबजल, मध, एरंडेल मात्र डोळ्यात घालू नका.

ओमेगा-3 च्या कॅप्सूलवर पैसे घालू नका. 2018 साली अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत वर्षभर त्या घेणाऱ्यांना ऑलिव्ह तेल घेणाऱ्यांपेक्षा जास्त फायदा झाला नाही. जवसाची चटणी चवीसाठी खुशाल खा. निळा प्रकाश अडवणाऱ्या चष्म्यांनीही डोळ्यांचा थकवा कमी होत असल्याचा आधार 2023 च्या मोठ्या आढाव्यात सापडला नाही.

एवढ्याने भागलं नाही तर सायक्लोस्पोरिनचे थेंब येतात, महिन्याला काही शे रुपये. त्यांचा गुण यायला तीन महिने लागू शकतात, म्हणून पंधरा दिवसांत सोडू नका. त्यापुढे अश्रुनलिकेत बसवायचे प्लग, काही हजार रुपये. कुणी ते सुचवले तर जालन्याच्या श्री गणपती नेत्रालयात दुसरं मत घ्या. पूर्णा, परभणी, मानवत रोड, सेलू या सगळ्या स्टेशनांवरून तिकडे रेल्वेने जाता येतं.

एक गोष्ट मात्र कधीही मेडिकलमधून स्वतः आणू नका : स्टेरॉइडचे थेंब. लाली झटकन जाते म्हणून ते आवडतात, पण महिनोन्‌महिने वापरले तर काचबिंदू होऊन नजर जाऊ शकते. शेतात ज्वारीचं पान, काडी किंवा कुसळ डोळ्याला लागलं, दुखू लागलं, उजेड सहन होईना, बुबुळावर पांढरा ठिपका दिसला किंवा नजर अंधुक झाली, तर तो कोरडेपणा नव्हे. बुबुळात बुरशीचा संसर्ग झाला असू शकतो आणि त्यात स्टेरॉइड घातलं तर तो झपाट्याने पसरतो. अशा वेळी दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जा.