थांबलेल्या कागदाची तारीख

सातारा,
गुढीपाडवा

चि. मनूस,


दादाचा फोन आला, तुझ्या नेमणुकीची बातमी कळली, आणि मी आधी देवापुढे साखर ठेवली. मी 1988 साली कारकून म्हणून लागले आणि 36 वर्षांनी अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. आता आपल्या घरातली दुसरी मुलगी तहसील कचेरीची पायरी चढणार, याचा आनंद किती झालाय ते तू समोर असतीस तर तुला दिसलं असतं.

परवा तू विचारलंस, "आत्या, कचेरी, चार वर्षांचं लेकरू, सासूबाईंची औषधं, सगळं जमेल ना गं?" मी फोनवर "जमेल" म्हणून मोकळी झाले. पण नुसतं "जमेल" म्हणून कुणाचं भागत नाही. कसं जमवायचं तेही सांगायला हवं. म्हणून हे पत्र लिहायला बसले.

आधी माझ्या हातून झालेली चूक सांगते. नोकरीचं तिसरं वर्ष होतं आणि माझ्याकडे निराधार योजनेचं टेबल होतं. डोंगराकडच्या एका गावातली म्हातारी बाई अर्ज घेऊन आली. नवरा नाही, मूलबाळ नाही. अर्जाला तलाठ्याचा चौकशी अहवाल लागत होता. मी त्याच दिवशी अहवाल मागवणारं पत्र काढलं, त्याची स्थळप्रत अर्जाला टाचली आणि अर्ज ड्रॉवरमध्ये ठेवून दिला. माझ्या लेखी माझं काम झालं होतं.

पुढच्या पाच महिन्यांत ती बाई चार वेळा आली. दर वेळी मी सांगितलं, "अहवाल आला नाही, आल्यावर कळवू." चौथ्या खेपेला ती काहीच बोलली नाही. पदराची गाठ सोडून तिने येण्याजाण्याची एसटीची तिकिटं एकेक करून माझ्या टेबलावर मांडली. सात होती. आठवं परतीचं, अजून काढायचं होतं. मी ड्रॉवर उघडून शोधाशोध केली तेव्हा उलगडा झाला. माझं पत्र त्या तलाठ्याकडे पोहोचलंच नव्हतं, भलत्याच सजाला, म्हणजे दुसऱ्याच तलाठ्याच्या हद्दीत गेलं होतं. पंधराव्या दिवशी मी एक स्मरणपत्र काढलं असतं तरी ते तेव्हाच लक्षात आलं असतं. मी आळशी नव्हते, उशिरापर्यंत बसून काम करत होते. पण थांबलेल्या कागदाला मी तारीख दिली नव्हती, आणि त्याची किंमत त्या बाईने भरली.

त्या शनिवारी कचेरी सुटल्यावर आमच्या अव्वल कारकुनांनी मला थांबवून घेतलं. रागावले नाहीत. माझं कपाट आणि ड्रॉवर जमिनीवर रिकामं करायला लावलं आणि सगळ्या कागदांचे सहा गठ्ठे करून घेतले. तू रुजू झाल्यावर प्रशिक्षणात तुलाही ही सहा गठ्ठे पद्धत शिकवतील. अनिलकुमार लखिना 1980च्या दशकाच्या सुरुवातीला अहमदनगरचे जिल्हाधिकारी होते. त्यांनी तिथल्या कचेरीची घडी नव्याने बसवली, ती पुढे "लखिना पॅटर्न" म्हणून राज्यभर गेली. हे गठ्ठे आमच्याकडे रुजले ते त्या वळणानेच. प्रशिक्षणात नावं पाठ होतील, पण त्यामागचा अर्थ माझ्याकडून ऐक.

पहिला गठ्ठा बैठकीवरच्या चालू प्रकरणांचा. ज्यावर आज तुलाच काहीतरी करायचं आहे तेवढंच इथे. दुसरा प्रतीक्षाधीन प्रकरणांचा, म्हणजे तू तुझं केलंस आणि आता दुसऱ्याच्या उत्तराची वाट आहे अशांचा. तिसरा नियतकालिकांचा. दरमहा, दर तिमाहीला जाणारी विवरणपत्रं यात येतात. त्यांची तारीख आधीच ठाऊक असते, त्यामुळे त्यात उशीर झाला तर सबब उरत नाही. चौथी स्थायी आदेश संचिका. शासन निर्णय आणि परिपत्रकं विषयवार लावून ठेवायची, म्हणजे तोच नियम दर वेळी दहा जणांना विचारत फिरावं लागत नाही. पाचवा अभिलेख कक्षात जाणाऱ्या निकाली प्रकरणांचा. अ वर्गाचा कागद कायम राहतो, ब वर्गाचा 30 वर्षं. सहावा ड वर्गाचा, मुदत संपली की रीतसर नष्ट करायच्या कागदांचा.

यातला दुसरा गठ्ठा जपशील तर बाकीचे पाच आपोआप जपले जातील. चालू काम डोळ्यांसमोर असतं, त्यासाठी साहेब हाक मारतात, माणूस समोर उभा असतो. प्रतीक्षेतल्या कागदाला आवाज नसतो. तो दुसऱ्याकडे आहे असं आपण समजतो, आणि दुसऱ्याला तर तो आहे हेच ठाऊक नसतं. म्हणून पत्र निर्गत केलंस की स्थळप्रतीच्या उजव्या कोपऱ्यात पेन्सिलीने पुढची तारीख लिही. पंधरा दिवसांनंतरची म्हण, नाहीतर प्रकरणाची निकड पाहून आठ दिवसांनंतरची. गठ्ठा त्या तारखांच्या क्रमाने लाव. रोज सकाळी वरचे चार कागद उलटले की कुणाला स्मरणपत्र, कुणाला फोन, हे दहा मिनिटांत कळतं. आता बऱ्याच कचेऱ्यांत ई-ऑफिस आलंय. फाईल संगणकावर असली तरी ती थांबतेच, आणि थांबलेली दिसतही नाही. तारीख तिथेही तुलाच टाकावी लागेल.

दुसरी सवय कार्यविवरण नोंदवहीची. आलेला प्रत्येक कागद आधी तिच्यात चढव, मग हातावेगळा कर. आठवड्याच्या शेवटी गोषवारा काढ. मागची शिल्लक, नवी आवक, दोन्हींची बेरीज, त्यातून निकाली वजा, राहिली ती शिल्लक. या पाच आकड्यांचा अनेकांना कंटाळा असतो, ते साहेबांसाठी आहेत असं त्यांना वाटतं. मी ते स्वतःसाठी काढत आले. शिल्लक 40 आहे असं दिसलं की मनातली धास्ती कमी होते, कारण 40 मोजता येतात. न मोजलेला ढीग मात्र रात्री उशाशी येऊन बसतो. व्हॉट्सअॅपवर किंवा तोंडी आलेला आदेशही त्याच वहीत चढव. जो वहीत नाही तो फक्त तुझ्या डोक्यात आहे, आणि डोकं हे काही कपाट नव्हे.

कायदाही हेच सांगतो. आपल्या राज्यात 2005चा कायदा आहे, बदल्यांचं विनियमन आणि विलंबाला प्रतिबंध करणारा. लोक त्याला दफ्तर दिरंगाई कायदा म्हणतात. सर्वसाधारणपणे कोणतीही फाईल कोणाही कर्मचाऱ्याकडे कामाच्या सात दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये, असं त्यात आहे. शिवाय 2015च्या लोकसेवा हक्क कायद्याने अधिसूचित सेवांना मुदती घालून दिल्या आहेत. या मुदतींना भिऊ नकोस. सात दिवस ही तुझ्यावरची तलवार नाही, काउंटरपलीकडे उभ्या असलेल्या माणसाला दिलेला तो शब्द आहे.

दिवस कसा लावायचा तेही थोडक्यात सांगते. पावणेदहाला कचेरी भरते. पहिल्या तासात सगळ्यात अवघड टिपणी लिही, ज्या फाईलला हात लावायला मन धजत नाही तीच. अकरानंतर माणसांची ये-जा वाढते, मग सलग विचार होत नाही. समोर कुणी आलं की फाईल मिटून त्याचं पूर्ण ऐक आणि नोंद कर. अर्धं लक्ष कागदात आणि अर्धं माणसात ठेवलं की दोन्ही कामं पुन्हा करावी लागतात. टपाल एकदाच हातात घे आणि तेव्हाच ठरव, कोणत्या गठ्ठ्यात. सव्वासहाला उठण्याआधी दहा मिनिटं टेबल आवर आणि उद्याची तीन कामं चिठ्ठीवर लिहून पेपरवेटखाली ठेव. उद्या सकाळी खुर्चीत बसल्या बसल्या कामाला हात लागेल.

आता घर. तुझ्या आजीचं स्वयंपाकघर तुला आठवत असेल. फळीवर पितळी डब्यांची रांग, डावीकडून तिसरा हळदीचा. आमच्या लहानपणी दिवे नेहमी जायचे. आई कंदील शोधत बसायची नाही. अंधारात हात वर जायचा आणि नेमकी हळदच हाताला लागायची. डबा घेणाऱ्याने तो जागच्या जागी ठेवायचा, हा घरातल्या सगळ्यांना नियम होता, तुझ्या आजोबांना, आप्पांनासुद्धा. तीच आमच्या घरची स्थायी आदेश संचिका. एकदा ठरवलेलं रोज नव्याने ठरवायचं नाही. तूही रविवारी संध्याकाळी आठवड्याच्या भाज्या ठरव, कडधान्य कधी भिजवायचं ते ठरव. सकाळी सहाला "आज डब्याला काय" हा प्रश्न पडला की पोळ्या लाटायच्या आधीच माणूस दमतं.

घरातही प्रतीक्षेतली कामं असतात. विम्याचे अडकलेले पैसे, दुरुस्तीला टाकलेला मिक्सर, लॅबमधून यायचा रिपोर्ट, शाळेत दिलेला अर्ज. दुधाचे खाडे आपण भिंतीवरच्या कालनिर्णयवर मांडतो ना, तिथेच हीही लिही. ज्या दिवशी पुन्हा विचारायचं त्या तारखेच्या चौकोनात, दोन शब्दांत. भिंतीवर असलं की घरातल्या प्रत्येकाला दिसतं.

आणि हे नीट ऐक. घराची कार्यविवरण नोंदवही एकट्या तुझ्या डोक्यात राहू देऊ नकोस. जावईबापू मनाने चांगले आहेत, सांगितलेलं सगळं करतात. पण आठवण ठेवून दर वेळी सांगणं हेही कामच आहे, आणि बाईला थकवतं ते जास्त तेच. कचेरीत आपण कुणाला "मदत" करायला सांगत नाही, अख्खं टेबल सोपवतो. तसंच सोपव. सासूबाईंची औषधं हे त्यांच्या मुलाचं टेबल. पाकीट संपत आल्याचं पाहणं, नवं आणणं, साखर तपासायची तारीख सांभाळणं, सगळं त्यांचं. पहिल्या महिन्यात एखादी चूक होईल. तू मधे पडू नकोस, त्यांना सवय होईल.

कागदांसाठी एक पेटी कर. घराची खरेदीखतं, सातबारा, जन्माचे दाखले, विमा एका कप्प्यात, आणि प्रत्येकाच्या आजारपणाची वेगळी फाईल, तारखेप्रमाणे लावलेली. आप्पांना मध्यरात्री दवाखान्यात न्यावं लागलं तेव्हा दादाने निघताना फक्त ती फाईल उचलली. कोणती गोळी कधीपासून, कशाने त्रास झाला होता, डॉक्टरांना दोन मिनिटांत कळलं. त्या रात्री आमच्यापैकी कुणाला धड बोलताही येत नव्हतं. आमच्या वतीने ती फाईल बोलली. वर्षातून एकदा दिवाळीच्या आवराआवरीत पेटी उघड आणि मुदत सरलेली बिलं काढून टाक. सहावा गठ्ठा घरालाही लागतोच.

एवढी शिस्त लावूनही एखादा दिवस विस्कटणारच. लेकराला ताप येईल, निवडणुकीचं काम लागेल, मार्च महिना येईल. तेव्हा सगळं एका दमात सावरायला जाऊ नकोस. शांत बसून गोषवारा काढ, शिल्लक मोज आणि पहिला कागद उचल. नीटनेटकेपणा म्हणजे टेबल चकचकीत असणं नव्हे. आपल्या भरवशावर असलेल्या माणसाला पुन्हा खेप पडू नये, याची काळजी म्हणजे नीटनेटकेपणा. कचेरीत तो माणूस गावाकडून एसटीने येतो, घरी तो पलीकडच्या खोलीत झोपलेला असतो.

त्या बाईचं प्रकरण पुढच्याच बैठकीत मंजूर झालं. मंजुरीचं पत्र मी टपालात टाकलं नाही, तिच्या गावच्या तलाठ्याच्या हातात दिलं आणि चौथ्या दिवशी तिला मिळाल्याची खात्री करून घेतली. त्या पाच महिन्यांचं पान मात्र मला कधी उलटता आलं नाही. ते उलटूही नये.

रुजू झाल्यावर पहिल्या शनिवारी मला फोन कर. शिल्लक किती राहिली हे मी विचारणार नाही, नव्या टेबलावर ती असणारच. थांबलेल्या कागदांपैकी किती कागदांच्या कोपऱ्यात तारीख आहे, एवढंच विचारीन.

घरातल्या वडीलधाऱ्यांना नमस्कार, छोट्याला गोड पापा.

तुझी,
आत्या